रॉक गाण्यांतलं मरण आणि परत येणं : मुलाच्या वहीतली गाणी कशी वाचायची



दर वेळी मी इथे चौथीच्या भाषेचा नाहीतर परिसर अभ्यासाचा एखादा पाठ मांडते. आजचा पाठ कुठल्याच पाठ्यपुस्तकातला नाही. तो एका वहीतला आहे, आणि ती वही माझ्या आत्ताच्या वर्गातल्या मुलाची नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चौथीला असलेला एक मुलगा आता नववीत आहे. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटताना त्याची आई आली. पिशवीतून दोनशे पानी वही काढली आणि म्हणाली, "मॅडम, एवढं वाचून सांगा. मला इंग्रजी धड येत नाही, पण हा शब्द मला कळतो." तिने पेन्सिलीने जागोजागी खुणा केल्या होत्या. शब्द होता 'डाय'. एका पानावर 'डेथ'. आणि समासात मुलाने काढलेलं कवटीचं चित्र.

"हा काही करून तर घेणार नाही ना?" हे तिने इतक्या हळू विचारलं की मला दोनदा ऐकावं लागलं.

वहीत पाच इंग्रजी गाणी उतरवलेली होती. सगळी रॉक. खरं सांगायचं तर त्यातलं एकच माझ्या कानावरून गेलेलं होतं. मी डी.एड. केलेली बाई, माझं गाणं म्हणजे प्रार्थना, समूहगीत आणि घरी लागतात ते अभंग. पण वही माझ्या हातात होती आणि आई समोर उभी होती.

वही उघडायच्या आधी

मी आधी वहीबद्दल बोललेच नाही. मुलाबद्दल विचारलं. जेवतो का नीट? रात्री झोपतो का? मित्रांकडे जाणं बंद केलंय का? आवडत्या वस्तू कुणाला देऊन टाकल्या का? "मी नसलो तर" अशी भाषा करतो का? ती म्हणाली, जेवतो, क्रिकेटला जातो, फक्त घरात बोलत नाही. कानात ते इअरफोन घालून बसतो.

पालकहो, हे आधी सांगते कारण गाण्याचा अर्थ लावणं ही नंतरची गोष्ट आहे. मूल असं गाणं ऐकतंय एवढ्यावरून काही ठरत नाही. त्याच्या वागण्यात बदल दिसत असेल तर त्याला सरळ विचारावं, "तुला मरावंसं वाटतं का?" असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नवीन काही भरवलं जात नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून त्याला बोलता येतं. आणि उत्तर 'हो' आलं किंवा गप्प बसणं आलं, तर त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांना गाठा. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या नंबरवर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. हा नंबर मी आमच्या शाळेच्या फळ्याशेजारी लिहून ठेवलाय, मोठ्यांसाठी.

आईने त्याच रात्री मुलाला विचारलं. तो म्हणे हसला आणि म्हणाला, "आई, गाणी आहेत ती." आई थोडी निवांत झाली, पण मी झाले नाही. कारण पाचही गाण्यांत मरण होतं, आणि पोराने ती निवडून उतरवली होती. कुणी उगीच पाच गाणी हाताने उतरवत नाही, मोबाईलवर सगळं दिसत असताना.

मग दोन रविवार तो माझ्या घरच्या ओट्यावर आला. सोबत मोबाईल, वही आणि माझी डिक्शनरी. तिथे जे झालं त्यातला पाठ आता सांगते.

चौथीचेच प्रश्न

कविता शिकवताना आपण चौथीत काय विचारतो? कोण बोलतंय? कुणाशी बोलतंय? कुठे उभं राहून बोलतंय? हेच प्रश्न इथेही चालतात. त्यात मी दोन जास्तीचे घातले. एक, इथे नेमकं काय मेलं? माणूस, प्रेम, बालपण, अहंकार, की नुसता ऋतू? दुसरा, मेल्यावर काय परत येतं, आणि ते परत येणं बोलणाऱ्याला हवंय की नकोय? या शेवटच्या प्रश्नाने मलाच बरंच शिकवलं.

'कोण बोलतंय' हा प्रश्न सोपा वाटतो, पण बहुतेक पालक तिथेच फसतात. गाण्यात 'मी' आला की आपण समजतो गायकच बोलतोय, आणि पोरगं ऐकतंय म्हणजे पोरगंच बोलतंय. भारूडात वेडी बोलते म्हणून एकनाथ महाराजांना कुणी वेडं म्हणतं का? वहीतलं एक गाणं आयर्न मेडन या इंग्लंडच्या बँडचं होतं, १९८२ सालचं, 'हॅलोड बी दाय नेम'. त्यात फाशीची वेळ जवळ आलेला एक कैदी कोठडीतून बोलतो. भीती, अविश्वास, मग आत्मा टिकतो अशी स्वतःची समजूत. गाणं लिहिणारा काही फाशीच्या कोठडीत नव्हता. हे नाटकातलं स्वगत आहे. मुलाला हे एका वाक्यात पटलं. कवटी कुठून आली ते विचारल्यावर कळलं की त्या बँडच्या मुखपृष्ठांवर एक सांगाड्यासारखं भूत असतं, एडी नावाचं, आणि याला ते काढायला आवडतं. चित्र चांगलं होतं, हेही सांगते.

विळा घेऊन येणारा

आईने सर्वांत जास्त खुणा केल्या होत्या त्या दुसऱ्या गाण्यावर. 'डोन्ट फिअर द रीपर', बँडचं नाव ब्लू ऑयस्टर कल्ट, अमेरिकेतला, साल १९७६. नावाचाच अर्थ निघतो की कापणी करणाऱ्याला भिऊ नकोस. आपल्याकडे मृत्यू रेड्यावर बसून फास घेऊन येतो. तिकडच्या चित्रांत तो काळा झगा घालून, लांब दांड्याचा विळा घेऊन येतो. म्हणून 'रीपर', म्हणजे पीक कापणारा.

या गाण्याबद्दल अमेरिकेतही लोकांना हीच भीती वाटली होती जी या आईला वाटली. गाण्यात रोमिओ-ज्युलिएटचं नाव येतं, शेवटच्या कडव्यात एक मुलगी कुणा पाहुण्याचा हात धरून निघून जाते, आणि दिवसाला चाळीस हजार स्त्री-पुरुष असा एक आकडा येतो. लोकांनी तीन गोष्टी जोडल्या आणि हे जोडीने आत्महत्या करायला सांगणारं गाणं आहे असं ठरवून टाकलं. गाणं लिहिणारा आणि गाणारा डोनाल्ड रोझर, ज्याला बक धर्मा म्हणतात (हो, धर्माच, पण तो अमेरिकन आहे), त्याने पुढे अनेकदा सांगितलं की तसं काही नाही. तरुण वयात त्याला स्वतःच्या मरणाचे विचार यायला लागले होते आणि प्रेम मरणानंतरही टिकतं का, या प्रश्नातून ते गाणं आलं. रोमिओ-ज्युलिएट घेतले ते टिकलेल्या प्रेमाचं उदाहरण म्हणून. आणि तो आकडा आत्महत्यांचा नव्हता, जगात रोज किती माणसं मरत असतील याचा अंदाज होता. अंदाजही चुकला, कारण खरा आकडा तेव्हासुद्धा रोज लाखाच्या वर होता. हे आम्ही गणिताने काढून पाहिलं. लोकसंख्या घ्यायची, वर्षाला हजारी मृत्यू घ्यायचे, ३६५ ने भागायचं. नववीच्या मुलाला जमतं.

पण लेखकाने म्हटलं म्हणून आपण मान्य करायचं का? मी मुलाला म्हटलं, लेखक बाजूला ठेव, गाणंच काय सांगतं ते बघ. गाण्यात आधी ऋतू येतात. वारा, ऊन, पाऊस हे मरणाला भीत नाहीत आणि आपणही त्यांच्यासारखं होऊ शकतो, असा त्यातला आशय. ऋतू मरतात म्हणजे काय होतं? फिरून येतात. मग कापणी करणारा. मुलाच्या घरी ज्वारी असते. मी विचारलं, कापणी कुणासाठी असते? तो पटकन म्हणाला, "बियाण्यासाठी पण ठेवतातच की." बस, इथे माझा पाठ झाला. ज्या संस्कृतीने मरणाच्या हातात विळा दिला, तिने नकळत पेरणीही त्याच्याच पाठीमागे ठेवली आहे.

तरी मी एक गोष्ट त्याच्यापासून लपवली नाही. शेवटच्या कडव्यातला तो पाहुणा कोण, आधीच मेलेला प्रियकर की स्वतः मृत्यू, हे गाणं स्पष्ट सांगत नाही. त्या संदिग्धपणामुळे गाणं सुंदर झालंय आणि त्यामुळेच दुखावलेल्या मनाला ते उलटं वाचता येतं. म्हणून हे गाणं वाईट नाही, पण एकट्याने वाचायचंही नाही. मुलगा म्हणाला, "मॅडम, मला तर त्यातली घंटा आवडते." खरंच, त्या गाण्यात मागे गुराच्या गळ्यातल्या घंटेसारखा ठोका सतत वाजतो, आणि तिकडे तो ठोका फार प्रसिद्ध आहे म्हणे. आम्ही मरणाचा शोध घेतोय आणि हा घंटा ऐकतोय!

परत यायचं की सुटायचं

तिसरं गाणं जॉर्ज हॅरिसनचं, 'आर्ट ऑफ डाइंग'. हा बीटल्समधला. १९६६ मध्ये पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला तो मुंबईला येऊन राहिला होता. या गाण्याची सुरुवातही त्याच साली झाली आणि ते १९७० च्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास' या अल्बममध्ये आलं.

इथे मी आधी चुकले. मला वाटलं, पुनर्जन्म म्हणजे आशा. पाश्चात्त्य गाण्यांत बहुतेक वेळा तसंच असतं. अंधारानंतर पहाट, थंडीनंतर वसंत, थडग्यातून उठणारा येशू. पण हॅरिसनच्या गाण्यात परत येणं ही शिक्षा आहे. मरायची कला साधली नाही तर पुन्हा पुन्हा यावं लागेल, असं तो बजावतो. माझ्या भाषेत सांगायचं तर नापास होऊन त्याच वर्गात बसणं! १९७३ च्या 'गिव्ह मी लव्ह' या त्याच्या गाण्यात तर तो जन्मापासूनच सुटका मागतो, अगदी आपल्या कीर्तनकारासारखी. तेव्हा एकच शब्द, पुनर्जन्म, एका गाण्यात बक्षीस असतो आणि दुसऱ्यात फेरा. म्हणून 'ते परत येणं हवंय की नकोय' हा प्रश्न.

आणि गंमत बघा. पाश्चात्त्य माणूस आपल्याकडून सुटका मागायला शिकला, आणि आपले तुकोबा, ज्यांना मोक्ष मिळायला हरकत नव्हती, ते एका अभंगात मोक्ष नको म्हणतात. संतांची संगत आणि नाम असेल तर पुन्हा गर्भवासाला पाठव, म्हणतात. कीर्तनाच्या शेवटी आपण तो अभंग म्हणतो आणि काय मागतोय याकडे लक्ष देत नाही. दुसऱ्या एका अभंगात तुकोबा आपल्याच मरणाचे साक्षीदार होतात आणि त्याचा आनंद सांगतात. तिथे मेलं काय? देह नाही, मीपणा. मी मुलाला म्हटलं, हे तुझं रॉक नाही तर काय?

त्याच मीपणाच्या मरणाचं गाणं बीटल्सनेही केलंय, १९६६ चं 'टुमॉरो नेव्हर नोज'. त्यातले विचार तिबेटी मृत्युग्रंथावर बेतलेल्या एका अमेरिकन पुस्तकातून आले. पण ते पुस्तक एलएसडी या अमली पदार्थाच्या अनुभवासाठी लिहिलेलं होतं. हे वहीत नव्हतं, मी माझ्याच शोधात पोचले तिथे. पालकांनी मुलाला हे सांगावं का? मी सांगितलं. त्याला नाहीतरी मोबाईलवर सापडणारच होतं, आणि ध्यानाने अहंकार सोडणं आणि गोळीने काही तास डोकं फिरवून घेणं यातला फरक मला माझ्या तोंडाने सांगायचा होता.

प्रश्नांचं गाणं

'टिअर्स इन हेवन' मला थोडं ओळखीचं होतं. एरिक क्लॅप्टनचा चार वर्षांचा मुलगा मार्च १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका इमारतीच्या ५३ व्या मजल्यावरच्या खिडकीतून पडून गेला. त्यानंतर क्लॅप्टनने विल जेनिंग्ज यांच्यासोबत हे गाणं लिहिलं. व्याकरणाच्या तासाला उपयोगी पडेल असं हे गाणं आहे, कारण त्याचा कणा प्रश्नार्थक वाक्यांचा आहे. स्वर्गात भेटलास तर मला ओळखशील का, सगळं पहिल्यासारखं असेल का, अशा रोखाचे प्रश्न. उत्तर एकाचंही नाही. बाप शेवटी एवढंच समजतो की आपली जागा अजून तिथे नाही, आपल्याला इथेच राहायचंय. इथे पुनर्जन्म झालाच तर तो बापाचा आहे, मेलेल्या मुलाचा नाही.

२००४ मध्ये क्लॅप्टनने हे गाणं कार्यक्रमांत गाणं थांबवलं. ज्या दुःखातून ते आलं ते दुःख आता तसं जाणवत नाही, असं कारण त्याने सांगितलं होतं. पुढे काही वर्षांनी पुन्हा गायला लागला. हे ऐकून मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे दुःख संपलं की गाणं बंद करायचं? मग माणूस विसरला नाही का?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही. मला वाटलं हा गाण्याबद्दल विचारतोय.

वीज आणि गडगडाट

शेवटचं गाणं त्याने वहीत दोनदा उतरवलं होतं. 'लायटनिंग क्रॅशेस', बँडचं नाव लाइव्ह, अमेरिकेतला, १९९४ च्या 'थ्रोइंग कॉपर' अल्बममधलं. बँडच्या ओळखीतली एक तरुण मुलगी १९९३ मध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या माणसामुळे गेली, तिच्या स्मृतीला हे गाणं वाहिलेलं आहे.

गाण्यात एक बाळंतीण आहे आणि एक मरणारी म्हातारी आहे. बऱ्याच जणांनी ते असं वाचलं की बाळंतपणात आई मेली. गाण्याचा व्हिडिओ घरात चित्रित केलाय, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. लिहिणारा एड कोवाल्चिक म्हणाला होता की त्याच्या मनात दवाखाना होता. एका खोलीत कुणाचं तरी जाणं, दुसऱ्या खोलीत कुणाचं तरी येणं, एकाच वेळी. आणि हे ओळखायला मुलाखत वाचायची गरजच नाही, गाण्यातच ते बाळ पलीकडच्या खोलीत असल्याचा उल्लेख आहे. 'कुठे' हा चौथीचा प्रश्न विचारला असता तर इतके लोक चुकले नसते!

यातली एक जागा मी मुद्दाम दाखवते. पहिल्या कडव्यात बाळंतिणीची वार जमिनीवर पडते. हा शब्द डिक्शनरीत पाहून मुलगा लाजला, मी म्हटलं गोठ्यात दहा वेळा पाहिलीस ना वार, लाजतोस काय. पुढच्या कडव्यात म्हातारी मरते तेव्हा तिच्याही काहीतरी जमिनीवर पडतं, पण ती वस्तू नाही. तिचे हेतू, मनात धरलेलं सगळं करायचं राहिलेलं, ते पडतं. वाक्याची घडण तीच. एका ठिकाणी देवदूत डोळे उघडते, दुसऱ्या ठिकाणी मिटते. म्हणजे कवीने जन्म आणि मरण एकाच साच्यात ओतलेत आणि आपल्याला म्हटलंय, आता फरक शोधा. असे जोडलेले शब्द शोधून त्यांच्यात रेघ ओढायला लावा मुलांना, कुठल्याही कवितेत. अर्थ अर्धा तिथेच सापडतो.

मग नाव. वीज कोसळते. आणि ध्रुवपदात गडगडाट येतो, वाऱ्यामागे धावणारा. विज्ञानाच्या तासाला आपण शिकवतोच की प्रकाश आधी पोचतो, आवाज मागून येतो. प्रसंग घडून जातो, त्याचा आवाज आपल्यापर्यंत नंतर पोचतो. गाणंही तसंच बांधलंय. हळू, जवळजवळ कुजबुजल्यासारखं सुरू होतं आणि मोठं मोठं होत जातं.

आता खरी गाठ. म्हातारीकडून बाळाकडे काय जातं? मी म्हटलं, आत्मा. मुलगा म्हणाला, "नाही मॅडम, वाचा ना." वाचलं. तिथे आत्मा नव्हता, ज्ञानही नव्हतं. तिच्या मनातला गोंधळ होता. जो गोंधळ एका क्षणापूर्वी तिचा होता, तो आता त्या बाळाचा. कोवाल्चिकच्या बँडचा पहिला अल्बम 'मेंटल ज्वेलरी' जे. कृष्णमूर्तींच्या विचारांवर आधारलेला होता हे मला नंतर कळलं. कृष्णमूर्ती आयुष्यभर सांगत राहिले की साठवलेल्या कालच्या दिवसाला रोज मरू द्या. त्यामुळे इथे कुणी माणूस परत येत नाही यात नवल नाही. फक्त आयुष्य पुढे सरकतं, न सुटलेल्या प्रश्नासकट.

मी हे सगळं फार हुशारीने बोलत होते. मुलगा वहीच्या कडेला रेघा मारत होता. आणि मग म्हणाला, "आमच्या घरी सगळे म्हणतात आजोबाच परत आले."

श्रावणात त्याचे आजोबा गेले होते. हे मला माहीत होतं, मी भेटायलाही गेले होते. दिवाळीत त्याच्या काकूला मुलगा झाला. बाळाचं नावही आजोबांचंच ठेवलं. आपल्याकडे हे किती सहज बोललं जातं, बघा, नाक तसंच, कान तसेच, आजोबाच आले. दुःखातल्या घराला त्याने आधार मिळतो, मी नाकारत नाही. पण या पोराने आजोबांबरोबर बारा-तेरा वर्षं एकाच गोधडीत झोपून काढली होती. घरात पेढे वाटले गेले आणि आजोबांचं नाव घेऊन रडायची सोय संपली. कुणी रडलं की, "अरे, रडतोस काय, आलेत की आजोबा, पाळण्यात आहेत."

"ते आजोबा नाहीत मॅडम. तो बाळ आहे. त्याला काहीच माहीत नाही. त्याला मी पण माहीत नाही." आणि मग थोडं थांबून, "आजोबांचा गोंधळ आला असेल तर आला असेल. चष्मा कुठं ठेवला ते कधी सापडायचं नाही त्यांना."

तो हसला आणि रडलाही. मी त्याला पाणी आणून दिलं. दुसरं काय करणार?

आता माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या पहिलीच्या मुलीची आजी गेली. ती विचारायला लागली तेव्हा मी प्रेमाने सांगितलं, आजी चांदणी झाली. महिनाभर ती मुलगी रात्री अंगणातून आत जायला तयार नव्हती, ढग आले की रडायची. शेवटी तिच्या वडिलांनी येऊन मला विचारलं, "काय सांगितलंत हिला?" तेव्हापासून मी लहान मुलांना मरण सांगताना परत येण्याची भाषा जपून वापरते. पाठ्यपुस्तकात सुरवंट-कोष-फुलपाखरू शिकवताना कुणी त्याला नवा जन्म म्हटलं की मी थांबवते. सुरवंट मरत नाही, तो बदलतो. ज्याची आजी गेलीय त्या मुलाला हा फरक लगेच कळतो, आपल्यालाच कळत नाही.

फुलपाखरावरून आठवलं. क्वीन या बँडचं 'द शो मस्ट गो ऑन' हे गाणं मी त्या मुलाला माझ्याकडून दिलं, वहीत सहावं म्हणून. त्यातही फुलपाखराच्या पंखांची प्रतिमा आहे. गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बुलसारा, पारशी, जन्म झांझिबारचा, आणि शाळा आपल्या पाचगणीची! तिथल्या सेंट पीटर्समध्ये वसतिगृहात राहून शिकला. हे गाणं १९९१ चं, तेव्हा तो खूप आजारी होता. इतका की गाण्याचा व्हिडिओ जुन्या चित्रफिती जोडून करावा लागला. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला. पण शब्द मुख्यतः त्याच्या मित्राने, गिटारवाल्या ब्रायन मेने लिहिले. मग गाण्यातला 'मी' कोण? मरणारा की मरणाऱ्याकडे बघणारा? हा गृहपाठ मी मुलाला दिलाय, आणि तुम्हालाही देते. वर्गात घ्यायचं झालं तर आठवीच्या पुढे घ्या, आणि त्या आठवड्यात कुणाच्या घरी दुःख झालेलं नाही ना, हे आधी बघून घ्या.

गेल्या आठवड्यात त्याची आई पुन्हा आली. या वेळी वही नव्हती. मुलाने तिला शेवटचं गाणं ऐकवलं होतं आणि मराठीत अर्थ सांगितला होता, स्वतःच्या शब्दांत. तिला गाणं फारसं आवडलं नाही, शेवटी फार आरडाओरडा आहे म्हणाली. पण वार पडल्याचं गाण्यात येतं याचं तिला फार नवल वाटलं. "बाईमाणसाची गोष्ट आहे की ही," म्हणाली. मग जाता जाता सांगितलं की आजोबांचा चष्मा आणि टोपी तिने ट्रंकेत टाकली होती, ती मुलाने मागितली, तर दिली. आता त्याच्या टेबलावर असतात. बाळ रांगायला लागलं की चष्मा मोडेल, म्हणून त्यासाठी वरती फळी ठोकून घ्यायची आहे.